सर्दीच्या पाठोपाठ येणारा दमा

जून महिन्याच्या मध्यास पावसाच्या सरी येऊ लागतात, शाळांची दारे उघडतात आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत गावोगावच्या दवाखान्यांतून शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या व नाक गळणाऱ्या मुलांची गर्दी दिसू लागते. पडसे हा तसा क्षुल्लक आजार मानला जातो. औषध घेतले तर सात दिवसांत आणि न घेतले तर आठवड्याभरात ते बरे होते, असे विनोदाने म्हटलेही जाते. निरोगी माणसाच्या बाबतीत हे म्हणणे फारसे चुकीचे नाही. परंतु ज्याला दम्याची व्याधी जडलेली आहे, अशा मुलाच्या किंवा प्रौढाच्या बाबतीत हेच क्षुल्लक पडसे तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री छातीत उतरते, श्वास घेताना घरघर सुरू होते आणि सकाळपर्यंत त्याला रुग्णालयात न्यावे लागण्याचा प्रसंग येतो.

सर्दी आणि दमा यांचा हा संबंध आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळणारे आहे. या रोगात पीनस, म्हणजे पडसे, होते. घशात घरघर सुरू होते. रुग्णाला आडवे झाल्यावर त्रास होतो व उठून बसल्यावर बरे वाटते. आभाळ भरून आल्यावर, पावसात, थंडीत आणि पूर्वेकडील वाऱ्याने व्याधी वाढते, अशी त्याची लक्षणे त्या ग्रंथात नोंदविलेली आहेत. निरीक्षण जुने असले तरी त्यामागील कारण उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ते कारण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे विषाणू होत.

दम्याचे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ५५ हजार रुग्ण या रोगाने दगावले. त्याच वर्षाच्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतातील दमेकऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी ४३ लाख होती. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी भारतात सुमारे १३ टक्के असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असे या अभ्यासात दिसून आले. दोन आकड्यांमधील हे अंतर विचार करावयास लावणारे आहे. दम्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. परंतु ती योग्य वेळी व योग्य पद्धतीने रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

श्वासनलिकेत काय घडते?

नाकावाटे आत घेतलेली हवा श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. मुख्य नलिकेला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात आणि झाडाच्या फांद्यांप्रमाणे अखेर अतिशय बारीक नलिकांचे जाळे तयार होते. या नलिकांच्या आतील बाजूस पेशींचे नाजूक अस्तर असते व भोवती स्नायूंचे वेढे असतात. दमेकऱ्याच्या नलिकांच्या अस्तराला कायमची दाह-सूज असते. त्याला कोणताही त्रास होत नसतानाही ही सूज थोड्याफार प्रमाणात शिल्लक राहतेच. राखेखाली विस्तव धुमसत असावा तशी ही स्थिती असते. धूळ, धूर, परागकण किंवा विषाणू यांपैकी एखादे निमित्त मिळाले की दाह वाढतो.

अशा वेळी एकाच सुमारास तीन गोष्टी घडतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ निर्माण होऊन नलिकांत साचतो. परिणामी हवेचा मार्ग अरुंद होतो. नलिकेचा व्यास निम्मा झाला तर हवेच्या प्रवाहाला होणारा अडथळा दुपटीने नव्हे, तर सोळा पटींच्या आसपास वाढतो, हा पदार्थविज्ञानातील नियम येथेही लागू पडतो. लहान मुलांच्या नलिका मुळातच बारीक असल्यामुळे थोड्याशा सुजेनेही त्यांचा जीव घाबरा होतो.

सर्दीचे विषाणू या आधीच सुजलेल्या अस्तरावर हल्ला करतात. शरीरात विषाणू शिरला म्हणजे पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन तयार करतात व शेजारच्या पेशींना सावध करतात. या प्रथिनाचा शोध १९५७ साली आयझॅक्स व लिंडनमन या शास्त्रज्ञांनी लंडन येथे लावला. दम्याच्या काही रुग्णांमध्ये श्वासनलिकेच्या पेशी हे प्रथिन पुरेशा प्रमाणात किंवा पुरेशा लवकर निर्माण करीत नाहीत, असे अलीकडच्या काही अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे विषाणूंना वाढण्यास सवड मिळते. दुसरीकडे जखमी पेशी धोक्याचे रासायनिक संदेश पाठवितात आणि त्यामुळे ॲलर्जीशी निगडित अशा पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने तेथे गोळा होतात. विषाणूचा बंदोबस्त नीट होत नाही, पण त्याच्या निमित्ताने सुरू झालेला दाह मात्र नलिकेलाच बाधतो. सर्दी ओसरल्यानंतरही नलिकांची ही अतिसंवेदनशीलता काही आठवडे टिकते. पडसे बरे होऊनही खोकला व धाप मागे राहते, त्याचे कारण हेच होय.

विषाणूंची ओळख

सर्दी एकाच विषाणूमुळे होत नाही. तिला कारणीभूत होणाऱ्या विषाणूंपैकी सर्वांत अधिक आढळणारा विषाणू म्हणजे 'ऱ्हायनोव्हायरस' होय. ग्रीक भाषेत 'ऱ्हायनो' म्हणजे नाक. १९५० नंतरच्या दशकात हा विषाणू प्रथम प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. आज त्याचे १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्ध निर्माण झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही. म्हणूनच लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा व प्रौढांना दोन-तीन वेळा सर्दी होते आणि सर्दीवर लस तयार करणे आजवर शक्य झालेले नाही. या विषाणूच्या 'क' गटाचा शोध २००६ च्या सुमारास लागला. मुलांमधील दम्याच्या तीव्र झटक्यांशी हा गट विशेष निगडित असल्याचे दिसून आले आहे.

फ्लू किंवा इन्फ्ल्यूएंझा हा आजार सर्दीहून वेगळा आहे. त्याचा मानवी विषाणू १९३३ साली ब्रिटनमध्ये वेगळा करण्यात आला. सर्दी हळूहळू सुरू होते; फ्लू मात्र एकाएकी येतो. अंग मोडून येणे, मोठा ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला व अतिशय थकवा ही त्याची लक्षणे होत. ऱ्हायनोव्हायरस अस्तराच्या पेशींचा फारसा नाश करीत नाही, तर फ्लूचा विषाणू त्या पेशी मोठ्या प्रमाणावर मारून टाकतो. त्यामुळे फ्लू झालेल्या दमेकऱ्यास न्यूमोनिया होण्याचा धोकाही संभवतो. तान्ह्या मुलांना 'आरएसव्ही' या विषाणूमुळे श्वासनलिकादाह होतो व छातीत घरघर होते. मात्र घरघर होणारे प्रत्येक तान्हे मूल पुढे दमेकरी होतेच असे नाही, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी.

दम्याच्या झटक्यांमध्ये विषाणूंचा वाटा किती, याचा अभ्यास ब्रिटनमध्ये करण्यात आला व त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. नऊ ते अकरा वर्षे वयाच्या दमेकरी मुलांच्या त्रासाच्या सुमारे ८० टक्के प्रसंगी त्यांच्या नाकातील स्रावात विषाणू आढळून आले. प्रौढांमध्ये हे प्रमाण काहीसे कमी असले तरी विषाणूजन्य सर्दी हेच त्यांच्याही झटक्यांचे एक प्रमुख कारण आहे.

पावसाळा, शाळा आणि साथ

कॅनडा, अमेरिका व ब्रिटन या देशांत उन्हाळ्याची सुट्टी संपून सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या, की दोन-तीन आठवड्यांत दमेकरी मुलांची रुग्णालयात एकच गर्दी होते. तेथील वैद्यकीय वाङ्मयात तिला सप्टेंबरची साथ असेच नाव पडले आहे. सुट्टीत दूर असलेली मुले वर्गात एकत्र येतात, विषाणूंची देवाणघेवाण होते आणि सुट्टीत रोजचे औषध घेण्यात झालेली हयगय त्या वेळी भोवते.

महाराष्ट्रात शाळा बहुतांशी जूनमध्ये उघडतात आणि त्याच वेळी पावसाळाही सुरू होतो. दारे-खिडक्या बंद करून माणसे घरात एकत्र बसतात, ओले कपडे घरातच वाळत घातले जातात, भिंतींना ओल येऊन बुरशी धरते. भारताच्या बहुतांश भागांत फ्लूचा जोरही पावसाळ्यातच असतो. काश्मीरमध्ये तो हिवाळ्यात वाढतो, परंतु पश्चिम भारतात जुलै ते सप्टेंबर हा त्याचा मुख्य हंगाम होय. काही वर्षी जानेवारी ते मार्च या काळातही त्याची दुसरी लाट येते. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने या विषाणूंच्या अभ्यासात मोलाची कामगिरी बजावली आहे. २००९ च्या जागतिक साथीत भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टच्या आरंभी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, पुण्यातच झाला होता. त्या साथीत ज्या रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले त्यांच्यात आधीपासून दमा असलेल्यांचे प्रमाण लक्षणीय होते, असे अनेक देशांत आढळून आले.

याच्या उलट अनुभव २०२० साली आला. कोविडच्या साथीत शाळा बंद राहिल्या, लोकांनी मुखपट्ट्या वापरल्या, हात धुण्याची सवय वाढली आणि त्या काळात अनेक देशांत दम्याच्या झटक्यांमुळे रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्या एकाएकी घटली. रस्त्यावरील वाहने कमी झाल्याने हवा स्वच्छ झाली, हेही त्याचे एक कारण असावे. तथापि सर्दीचे विषाणू पसरले नाहीत तर दम्याचे झटकेही कमी होतात, याचा तो एक मोठा पुरावाच ठरला.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक सर्दीने दमा उसळतोच असे नाही. ज्या रुग्णाला धुळीतील सूक्ष्म कीटक, झुरळे, बुरशी किंवा परागकण यांची ॲलर्जी आहे आणि जो त्याच वेळी त्यांच्या सान्निध्यातही आहे, त्याला विषाणूचा संसर्ग झाल्यास धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे विषाणू आणि ॲलर्जी मिळून हे संकट ओढवून आणतात. चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर, डास पळविण्याच्या कॉइल, उदबत्त्या व फटाके त्यात भर घालतात. घरातील ओल व धूर कमी करणे हा म्हणूनच सर्दीच्या दिवसांतील संरक्षणाचाही भाग आहे.

दोन प्रकारची औषधे

दम्याच्या औषधांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक न समजल्यामुळे अनेक रुग्णांचे नुकसान होते. पहिल्या प्रकारची औषधे आवळलेले स्नायू सैल करून काही मिनिटांत आराम देतात. १९६९ च्या सुमारास वापरात आलेले साल्ब्युटामोल हे त्यांपैकी सर्वपरिचित औषध होय. दुसऱ्या प्रकारची औषधे दाह कमी करतात. श्वासावाटे घ्यावयाची स्टिरॉइड औषधे या गटात मोडतात व त्यांचा वापर १९७२ पासून सुरू झाला. त्यांचा परिणाम लगेच जाणवत नाही. ती रोज, नियमाने व त्रास नसतानाही घ्यावी लागतात. पहिले औषध आग लागल्यावर मारलेल्या पाण्यासारखे आहे, तर दुसरे मूळचा विस्तवच शांत ठेवणारे आहे.

आराम लगेच मिळतो म्हणून पुष्कळ रुग्ण केवळ पहिल्या औषधावर विसंबून राहतात आणि दुसरे बंद करतात. हे धोक्याचे आहे. दम्याविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामोलसारख्या औषधावर ठेवू नये, त्यासोबत दाहशामक स्टिरॉइड असलेच पाहिजे, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. नियमाने दाहशामक औषध घेणाऱ्या रुग्णाला सर्दी झाली तरी तिचे रूपांतर तीव्र झटक्यात होण्याची शक्यता बरीच कमी होते. शाळा उघडण्यापूर्वी व पावसाळ्यापूर्वी औषधांचा आढावा घेण्याचे महत्त्व यावरून लक्षात येईल.

श्वासावाटे औषध घेण्याच्या साधनाला सर्वसाधारणपणे 'पंप' म्हटले जाते. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीला पंप लागतो हे कळले तर तिचे लग्न जमणार नाही, असे अनेक समज समाजात रूढ आहेत. वस्तुतः पंपाने व्यसन लागत नाही. गोळीवाटे घेतलेले औषध सर्व शरीरभर फिरते, तर पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने ते फार थोड्या मात्रेत पुरते व त्याचे दुष्परिणामही कमी होतात. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंड येण्याचा त्रास टळतो.

पंप दाबणे व श्वास आत ओढणे या क्रिया एकाच वेळी जमणे लहान मुलांना व वृद्धांना कठीण जाते. यासाठी 'स्पेसर' नावाची पोकळ नळी वापरतात. पंपाचा एक फवारा नळीत सोडावयाचा आणि रुग्णाने तिच्यातून चार-सहा वेळा सावकाश श्वास घ्यावयाचा, अशी तिची रीत आहे. हे साधन नसेल तरी निराश होण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे छिद्र पाडून तिचा उपयोग करून पाहिला. दम्याचा झटका आलेल्या मुलांना ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. खेड्यापाड्यांतील कुटुंबांना हा प्रयोग निश्चितच मार्गदर्शक ठरावा.

सर्दी सुरू होताच काय करावे?

सर्दीचे पहिले लक्षण दिसणे आणि दम्याचा जोर वाढणे, यांच्यामध्ये बहुधा दोन ते चार दिवसांचा अवधी मिळतो. या अवधीचा उपयोग करून घेणे, हेच या आजारातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय. रुग्णाने प्रकृती चांगली असतानाच डॉक्टरांकडून आपल्या औषधांचा लेखी आराखडा करून घ्यावा. सर्दी झाल्यास कोणते औषध किती वाढवावे, किती वेळा घेता येईल, केव्हा रुग्णालय गाठावे, हे त्यात मराठीत व ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. तो घरातील सर्वांना ठाऊक असावा आणि त्याची एक प्रत मुलाच्या वर्गशिक्षकांकडेही द्यावी.

सर्दी सुरू झाल्यावर रोजचे दाहशामक औषध कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये. मात्रा वाढवावयाची ती आराखड्याप्रमाणेच वाढवावी. स्वतःच्या मनाने ती केवळ दुप्पट केल्याने विशेष लाभ होत नाही, असे दिसून आले आहे. रात्री खोकल्याने झोपमोड होणे, पहाटे छाती भरून येणे, जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर धाप लागणे आणि आराम देणारे औषध वरचेवर घ्यावे लागणे, ही दमा वाढत असल्याची चिन्हे होत. 'पीक फ्लो मीटर' या लहानशा साधनात जोराने फुंकर मारून हवेचा वेग घरीच मोजता येतो. नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो येऊ लागला, तर सावध व्हावे.

सर्दी विषाणूंमुळे होत असल्याने तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामोल सामान्यतः सुरक्षित आहे. परंतु ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामक औषधांनी काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो, आणि फ्लू झालेल्या मुलांना तर ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. गुंगी आणणारी खोकल्याची औषधे दुकानातून परस्पर आणू नयेत. वाफारा घेतल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटले तरी आवळलेल्या श्वासनलिका त्याने खुलत नाहीत; उलट उकळते पाणी सांडून मुले भाजल्याच्या घटना घडतात. फ्लूची शंका असल्यास दमेकऱ्याने लवकर डॉक्टरांकडे जावे, कारण फ्लूवरील विषाणुरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. केळे, दही, भात यांसारखे पदार्थ सरसकट बंद करण्याची प्रथा आहे. एखाद्या पदार्थाने त्रास होतो असा त्या रुग्णाचा निश्चित अनुभव नसेल, तर वाढत्या मुलाला पोषक आहारापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे.

धोक्याची चिन्हे

एका दमात वाक्य पुरे करता न येणे, श्वास घेताना बरगड्यांमधील व गळ्याजवळील भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, तान्ह्या मुलाने दूध न ओढणे, आराम देणाऱ्या औषधाचा परिणाम न होणे अथवा तीन-चार तासांच्या आतच ओसरणे, ही गंभीर चिन्हे आहेत. छातीतील घरघर एकाएकी थांबली आणि रुग्ण मलूल किंवा गुंगीत दिसू लागला, तर तो बरा होत आहे असे कदापि समजू नये. हवा आत-बाहेर जाण्याचेच जवळजवळ थांबल्याची ती खूण असते.

अशा वेळी रुग्णाला निजवू नये. त्याला सरळ किंवा किंचित पुढे झुकवून बसवावे, अंगावरील कपडे सैल करावेत, भोवतीची गर्दी हटवावी आणि आराखड्याप्रमाणे आराम देणारे औषध स्पेसरमधून द्यावयास सुरुवात करावी. त्याचबरोबर रुग्णालयात नेण्याची तयारी करावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत व प्रवासातही औषध चालू ठेवावे. रुग्णालयात प्राणवायू, फवाऱ्याची औषधे व काही दिवसांपुरती स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देऊन बहुतेक रुग्णांना वाचविता येते. मात्र ते वेळेवर तेथे पोहोचले पाहिजेत. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने छाननी करण्यात आली व तिचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सेवा घराघरापर्यंत पोहोचलेल्या त्या देशातही सुमारे ४५ टक्के रुग्ण अखेरच्या झटक्यात वैद्यकीय मदत न मागता किंवा ती मिळण्यापूर्वीच मरण पावले होते. थोडा वेळ वाट पाहू, हा विचार किती महागात पडू शकतो, हे यावरून दिसते.

लस आणि काळजी

सर्दीवर लस नसली तरी फ्लूवर आहे. सहा महिन्यांवरील मुलांपासून वृद्धांपर्यंत ती देता येते. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटत असल्याने जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस दर वर्षी दोनदा करते, आणि म्हणूनच ही लस दर वर्षी घ्यावी लागते. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. हे पाहता महाराष्ट्रातील दमेकऱ्यांनी ती पावसाळ्यापूर्वी घेणे सोयीचे होय. या लशीने सर्वच प्रकारच्या सर्दीपासून किंवा दम्याच्या प्रत्येक झटक्यापासून संरक्षण मिळत नाही. परंतु फ्लू व त्यातून उद्भवणारी गंभीर गुंतागुंत यांचा धोका तिने कमी होतो.

साबणाने हात धुणे, खोकताना व शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरणे, सर्दी झालेल्या व्यक्तीने तान्ह्या मुलापासून व दमेकऱ्यापासून थोडे दूर राहणे, पेला व टॉवेल वेगळा ठेवणे, हे उपाय साधे आहेत व त्यांना खर्चही येत नाही. ताप-सर्दी झालेल्या मुलाला हजेरीसाठी शाळेत पाठविण्याचा आग्रह पालकांनी व शिक्षकांनीही धरू नये. त्याला एखाद-दुसरा दिवस घरी ठेवल्याने त्याच्या शेजारी बसणारा दमेकरी मित्र रुग्णालयात जाण्यापासून वाचू शकतो.

दमा समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही, परंतु तो काबूत ठेवणारे उपचार निश्चितपणे उपलब्ध आहेत. योग्य उपचार घेणारी मुले शाळेत जातात, मैदानावर खेळतात, पावसात भिजतातही. मे महिन्यातील पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात शाळा उघडण्यास व पाऊस सुरू होण्यास त्यानंतर पाच-सहा आठवडेच उरलेले असतात. पंप संपत आला आहे काय, तो घेण्याची पद्धत बरोबर आहे काय, लस घेतली आहे काय आणि लेखी आराखडा घरात आहे काय, हे चार प्रश्न दमेकरी असलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्या सुमारास स्वतःला विचारावेत. आशा कार्यकर्त्या, परिचारिका व शिक्षक यांनीही आपल्या परिसरातील दमेकरी मुलांच्या घरी हे प्रश्न पोहोचवावेत. पावसाबरोबर सर्दी येणारच. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या झटक्याला मात्र पहिल्या शिंकेपासूनच अडविण्यास सुरुवात करता येते.